कादंबरीचं कॉमिक होताना : ‘द गनस्लिंगर बॉर्न’चा पहिला अंक



गेल्या वर्षी हॉस्टेलच्या भित्तिपत्रकासाठी मी एक चार पानी कॉमिक काढायला घेतलं होतं. गोष्ट माझीच, फर्स्ट इयरला लिहिलेली. म्हटलं, त्यात काय एवढं? गोष्ट तयार आहे, चित्रं काढायची आणि फुग्यांत संवाद भरायचे. दोन रात्री जागून काढलं. तिसऱ्या दिवशी रूममेटने पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हे कॉमिक नाही, जर्नल आहे. वर आकृती, खाली थिअरी!”

राग आला, पण तिचं बरोबर होतं. “तो घाबरून खोलीत शिरला” असं खाली लिहिलेलं, आणि वर घाबरून खोलीत शिरणारा मुलगा. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली, तीही दोन्ही वेळा अर्धवट. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसला: लिहिलेल्या गोष्टीचं कॉमिक करतात म्हणजे नेमकं काय करतात? लहानपणी ‘अमर चित्र कथा’ आपण सगळ्यांनीच वाचल्यात. अख्खं महाभारत चौकटींत वाचलं, पण ते चौकटींत बसवलं कसं हा प्रश्न काही तेव्हा पडला नव्हता.

पुढे एका सीनियरकडून ‘द डार्क टॉवर : द गनस्लिंगर बॉर्न’ हा मार्व्हलचा संग्रह हाती आला. कादंबऱ्या मी आधी वाचल्या होत्या. म्हणून या वेळी अभ्यास म्हणून वाचायचं ठरवलं. कादंबरी एका बाजूला, कॉमिकचा फक्त पहिला अंक दुसऱ्या बाजूला, मध्ये वही. त्या वहीतलं हे टिपण.

१. आधी थोडी पार्श्वभूमी

स्टीफन किंग म्हटलं की आपल्याला भुताखेतांच्या कादंबऱ्या आठवतात. पण त्याने सगळ्यात जास्त वर्षं जिच्यावर घालवली ती ‘द डार्क टॉवर’ ही अद्भुतरम्य कादंबरीमाला. सुरुवात केली १९७० मध्ये. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, मेन विद्यापीठातून नुकता बाहेर पडत होता. म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा! रॉबर्ट ब्राउनिंगची १८५५ सालची एक कविता, टॉल्कीनच्या कादंबऱ्यांसारखा मोठा पट आणि सर्जिओ लिओनीच्या काउबॉय सिनेमातलं रखरखीत वाळवंट या तीन गोष्टी त्याने एकत्र केल्या.

पहिलं पुस्तक ‘द गनस्लिंगर’ १९८२ मध्ये आलं. दुसरं १९८७, तिसरं १९९१, चौथं ‘विझर्ड अँड ग्लास’ १९९७. मग १९९९ च्या जूनमध्ये रस्त्याच्या कडेने चालताना किंगला एका व्हॅनने उडवलं. तो वाचला, पण मालिका अपुरीच राहणार की काय अशी भीती वाचकांना वाटली. शेवटची तीन पुस्तकं त्याने २००३ आणि २००४ मध्ये एकापाठोपाठ पूर्ण केली. (२०१२ मध्ये मधलं एक आणखी आलं, ते वेगळं.)

नायक आहे रोलँड डेशेन. गिलीड या नगरीतल्या बंदूकधारी सरदारांच्या वंशातला शेवटचा. त्याचं जग ढासळतंय, आणि सगळ्या जगांना तोलून धरणारा तो काळा मनोरा गाठायचा एवढाच त्याचा ध्यास.

कॉमिकचा पहिला अंक ७ फेब्रुवारी २००७ ला निघाला. अमेरिकेत काही दुकानांनी त्यासाठी मध्यरात्री दारं उघडली होती. एकूण सात अंक, त्याच वर्षी पूर्ण झाले.

२. कोणी काय केलं?

आपल्या मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपसारखी इथेही कामाची वाटणी आहे. फरक इतकाच की इथे खरोखर प्रत्येकाने काम केलेलं आहे!

रॉबिन फर्थ ही किंगची संशोधन सहायक. शेवटची पुस्तकं लिहिण्याआधी किंगला आपल्याच जुन्या पुस्तकांतली माणसं, गावं, शब्द यांची जंत्री हवी होती. ती हिने केली. पुढे ती जंत्री दोन खंडांत छापूनही आली. त्यामुळे कॉमिकसाठी कथेचा आराखडा तिने रचला. त्या आराखड्यावरून संवाद आणि निवेदन लिहिलं पीटर डेव्हिडने. हा जुना मुरलेला कॉमिक लेखक, ‘हल्क’ त्याने बारा वर्षं लिहिला होता. (२०२५ मध्ये तो वारला.) पेन्सिलने चित्रं काढली जे ली याने. आणि रिचर्ड इझानोव्हने त्या पेन्सिलवरच थेट संगणकावर रंग चढवले. एरवी कॉमिकमध्ये पेन्सिलच्या रेघा शाईने गिरवणारा एक वेगळा माणूस असतो, तो टप्पाच इथे नाही. म्हणून चित्रांना कडा कमी आणि धूसरपणा जास्त. किंग स्वतः वरून देखरेख करत होता.

यातला पहिला धडा मला असा मिळाला: ज्याला कादंबरी पाठ आहे तो आणि ज्याला कॉमिक लिहिता येतं तो, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. माझ्या भित्तिपत्रकात दोन्ही मीच होते. गोष्टीतलं एक वाक्य काढायचं म्हटलं तरी माझाच हात आखडायचा.

३. सुरुवात कुठून करायची?

आता मुख्य मुद्दा. सात पुस्तकांची मालिका आहे, तर पहिला अंक पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू होईल, असं आपल्याला वाटेल. अगदी पहिलं दृश्य तसं आहेही. वाळवंट, पुढे पळणारा काळ्या कपड्यांतला माणूस आणि मागे रोलँड. पण एवढं दाखवून कॉमिक लगेच कित्येक वर्षं मागे जातं, रोलँड चौदा वर्षांचा असतो तिथे. आणि मग तिथेच राहतं.

ही मागची गोष्ट कादंबऱ्यांत कुठे आहे? दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी आठवण म्हणून.

पहिला तुकडा १९८२ च्या पुस्तकात. डोंगराखालच्या अंधाऱ्या बोगद्यातून जाताना प्रौढ रोलँड ही गोष्ट जेक नावाच्या लहान मुलाला सांगतो. गोष्ट अशी: मार्टेन हा राजदरबारातला जादूगार. त्याचे रोलँडच्या आईशी संबंध आहेत, आणि ते रोलँडला दिसावेत अशी व्यवस्था तो मुद्दाम करतो. हेतू हा की मुलाने भडकावं, वेळेआधी परीक्षेला उभं राहावं आणि हरावं. हरला की कायमचा हद्दपार. परीक्षा म्हणजे गुरू कॉर्टशी द्वंद्व. शस्त्र शिष्याने निवडायचं. रोलँड जिंकतो.

दुसरा तुकडा १९९७ च्या पुस्तकात. तिथे तो रात्रभर बसून आपल्या सोबत्यांना पुढची हकिकत सांगतो. परीक्षेनंतरची रात्र रोलँड गावातल्या एका बदनाम घरात काढतो. पहाटे वडील स्टीव्हन तिथे येऊन थडकतात आणि त्याची चांगलीच खरडपट्टी काढतात. बायकोचं नि मार्टेनचं त्यांना आधीपासून ठाऊक असतं! पोराने जिवावरची जोखीम घेतली ती एका उघड्या गुपितासाठी. मग त्याला मार्टेनपासून दूर ठेवायला दोन मित्रांबरोबर लांबच्या मेजिस प्रांतात पाठवायचं ठरतं.

म्हणजे बघा, रोलँडच्या आयुष्यात ही संध्याकाळ आणि ही पहाट एकमेकींना चिकटून आहेत. वाचकांना मात्र ती पंधरा वर्षांच्या अंतराने मिळाली. कॉमिकवाल्यांनी काय केलं, तर सांगणारा प्रौढ रोलँड आणि ऐकणारी माणसं काढून टाकली, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि मधला टाका घातला. पहिला अंक म्हणजे मुख्यतः हे शिवणकाम आहे.

फायदा उघड आहे. ज्याने एकही कादंबरी वाचली नाही त्यालाही गोष्ट कळते. कारण आधी, परिणाम नंतर. मार्टेनचा डाव, मुलाचा राग, परीक्षा, विजय आणि लगेच वडिलांकडून कळतं की विजय तसा पोकळच होता. एका अंकात चढ आणि उतार दोन्ही.

४. शब्द गेले, मग त्यांच्या जागी काय आलं?

मी कादंबरीतल्या परीक्षेच्या प्रसंगातली वाक्यं वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करून पाहिली: दिसणारं निळं, ऐकू येणारं हिरवं, मनातलं लाल. (पुस्तक माझं स्वतःचं आहे, लायब्ररीचं नाही, याची ग्रंथपाल सरांनी नोंद घ्यावी!) मग कॉमिक उघडून प्रत्येक रंगाचं काय झालं ते पाहिलं.

निळं जवळजवळ सगळं चित्रात गेलं, अपेक्षेप्रमाणे. पण जे ली सगळं काढत बसत नाही. पुष्कळ चौकटींत मागे भिंत नाही, झाड नाही, नुसता रंग. चेहरे अर्धे सावलीत, माणसं काळ्या आकृत्यांसारखी. आडव्या, पानभर रुंद चौकटी एकाखाली एक, सिनेमाच्या पडद्यासारख्या. मला आधी वाटलं, आळस केला. नंतर लक्षात आलं की जे काढलं नाही ते मी मनात भरत होते. आणि डोळेच दिसत नसतील तर या मुलाच्या मनात काय चाललंय ते आपण शोधत राहतो. मी माझ्या चित्रात प्रत्येक चेहऱ्यावर हसू नाहीतर अश्रू काढले होते. शोधायला काही ठेवलंच नव्हतं.

हिरवं, म्हणजे संवाद, खूप कापलं गेलंय. लांब बोलणं एका फुग्यात मावत नाही, हे तर झालंच. पण मारामारीच्या वेळी माणूस बोलतो किती? तिथे मौनच खरं वाटतं.

लालचं काय झालं हे सगळ्यात महत्त्वाचं. बरीच कॉमिकं मनातले विचार चौकटीवर लिहून टाकतात. इथे पीटर डेव्हिडने एक निवेदक आणलाय. त्याला नाव नाही, पण आवाज आहे. रोलँडच्या जगातली बोली बोलणारा कुणी जुनाजाणता, शेकोटीपाशी बसून गोष्ट सांगावी तसा. मला गावाकडचे आजोबा आठवले. गोष्ट सांगताना मध्येच “बरं का” म्हणणारे, मध्येच पुढचं थोडं फोडणारे. या निवेदकाला पुढे काय होणार ते माहीत आहे, मुलाला माहीत नाही. त्यामुळे मुलाच्या मनात न शिरताही वाचकाला काळजी वाटते. आणि चित्रात जे दिसतंय ते तो पुन्हा सांगत बसत नाही. (माझ्या जर्नलमधली थिअरी आणि हे निवेदन यांतला फरक तो हाच!)

५. ससाणा

ज्यांना कादंबरी पहिल्यांदा वाचायची आहे त्यांनी हा भाग गाळावा. नंतर परत या.

रोलँड परीक्षेसाठी शस्त्र म्हणून काय निवडतो? तलवार नाही, भाला नाही. तो आपला पाळलेला ससाणा घेऊन येतो. त्याचं नाव डेव्हिड. म्हातारा झालेला पक्षी. रोलँड त्याला सरळ गुरूच्या तोंडावर सोडतो. कॉर्टच्या तडाख्यांनी पक्षी मोडतो, तरी लढत राहतो, गुरूचा चेहरा फाडतो आणि मरतो. तेवढ्या वेळात मुलगा जिंकतो.

आपल्याला द्रोणाचार्यांची परीक्षा माहीत आहे. झाडावर पक्षी, अर्जुनाला फक्त डोळा दिसतो, शाबास! पण तिथला पक्षी खोटा होता. इथला खरा आहे, आणि तो मित्र आहे. कादंबरीत रोलँड पुढे म्हणतो की त्याने त्या ससाण्याला शिकवलं नव्हतं, त्याच्याशी मैत्री केली होती. म्हणजे पक्ष्याने हे हुकुमावरून केलं नाही, विश्वासाने केलं.

आता कादंबरीत ही गोष्ट कोण ऐकतंय ते आठवा. जेक. अकरा-बारा वर्षांचं पोर, रोलँडवर विश्वास टाकून अंधारात त्याच्यामागे चाललेलं. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे अशी वेळ येते की एका हाताला काळ्या कपड्यांतला माणूस आणि मनोऱ्याची वाट, दुसऱ्या हाताला दरीवर लोंबकळणारा जेक. रोलँड मुलाला पडू देतो. ससाण्याची गोष्ट आपल्याला आधी का सांगितली होती ते तेव्हा कळतं. ती बढाई नव्हती, इशारा होता. कदाचित कबुलीसुद्धा.

कॉमिकच्या पहिल्या अंकात जेक नाही. सांगणाराही नाही. त्यामुळे ससाणा मरतो, आपण हळहळतो, आणि मुलगा जिंकला म्हणून पान उलटतो. प्रसंग तोच, पक्षी तोच, पण प्रतिध्वनी गेला. मार्व्हल पुढच्या काही वर्षांत पुढच्या मालिकांमधून जेकपर्यंतही पोचलं, पण तोवर मध्ये कितीतरी अंक निघाले होते. इशारा आणि घटना एका पुस्तकात असणं वेगळं.

म्हणजे घटना सरळ क्रमाने लावल्या की ‘काय झालं’ ते स्वच्छ कळतं. ‘कोण कुणाला कधी सांगतंय’ ते मात्र निसटतं. आणि पुष्कळदा गोष्टीचा अर्थ तिथेच दडलेला असतो.

हे मला इतकं का लागलं ते सांगून टाकते. मागच्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आमच्या सर्किटचं अवघड काम माझ्या पार्टनरने केलं होतं. मला ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, “हा भाग कोणी केला?” मी म्हणाले, “मी.” ती शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. मला चांगले मार्क पडले, तिला बरे. त्या दिवशी माझ्यापुरती ती गोष्ट ‘ओरल छान झाली’ एवढीच होती, आणि तशीच मी घरी फोनवर सांगितलीसुद्धा. सरळ क्रमाने, शेवट गोड. ससाण्याचा प्रसंग दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की मी ती गोष्ट तिच्यासमोर एकदाही सांगितलेली नाही. सांगूच शकले नसते. त्याच आठवड्यात तिच्या रूमवर गेले आणि काय म्हणायचं ते म्हणाले. ती म्हणाली, “मला वाटलं, तू विसरलीस.” मार्क काही बदलले नाहीत. आता आम्ही बोलतो, पण पुढच्या प्रोजेक्टला तिने दुसरा ग्रुप घेतला. घ्यायलाच हवा होता.

असो. विषयाकडे येते.

६. मग आपण काय घ्यायचं?

ज्यांना भित्तिपत्रकासाठी, गॅदरिंगसाठी किंवा नुसतं हौसेने एखाद्या गोष्टीचं कॉमिक करून पाहायचंय, त्यांच्यासाठी वहीतले पाच मुद्दे:

(अ) गोष्टीतली वाक्यं तीन रंगांत वाटा: दिसणारं, ऐकू येणारं, मनातलं. दिसणारं चित्राला द्या आणि शब्दांतून काढून टाका. दोन्हीकडे ठेवलंत की जर्नल होतं.

(आ) मनातलं सगळं लिहू नका. त्यातलं थोडं सावलीला द्या, थोडं मौनाला. निवेदक ठेवलात तर चित्रापेक्षा जास्त काहीतरी त्याला ठाऊक असू द्या.

(इ) सुरुवात मूळ पहिल्या पानाचीच हवी असं नाही. या अंकाने वाळवंट दाखवून वाचकाला फक्त पत्ता दिला, आणि गोष्ट दुसरीकडून सुरू केली.

(ई) क्रम बदलण्याआधी विचारा: मूळ गोष्टीत हा प्रसंग कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय? ऐकणारा काढला तर काय जातं? ते जाऊ देणं परवडणारं असेल तर जाऊ द्या, पण माहीत असून. नकळत नको.

(उ) पहिल्या अंकात सगळं जग समजावू नका. गिलीडचा इतिहास, मनोऱ्याचं गणित यांतलं फारच थोडं चौकटींत आहे. फर्थने लिहिलेला माहितीपर मजकूर अंकाच्या मागच्या पानांवर वेगळा दिलाय. ज्याला हवं तो वाचेल.

माझ्या मते हा पहिला अंक नापास नाही, पण पैकीच्या पैकीही नाही. नवीन वाचकाला गोष्टीत ओढायचं काम तो फार उत्तम करतो. चित्रांसाठी तर पुन्हा पुन्हा उघडावा असा आहे. पण ज्याला ससाण्याची खरी किंमत कळून घ्यायची आहे त्याला १९८२ चं छोटंसं पुस्तकच वाचावं लागेल. खरं तर दोन्ही वाचावीत, आणि शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. तशी वाचली की जे एकात नाही ते दुसऱ्यात ठळक दिसतं.

माझं भित्तिपत्रकाचं कॉमिक मी पुन्हा काढलंय. आता तीन पानांत बसलं, आणि पहिल्या पानावर एकही शब्द नाही. रूममेटने पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “हा मुलगा असा पाठमोरा का उभाय?”

विचारलं, म्हणजे वाचलं! पुढच्या महिन्यात मेसच्या बाहेरच्या बोर्डवर लागेल. तुम्हीही विचारा.